हौस कुणाला विचारून करायची? तीन स्क्रीनच्या निमित्ताने



गेल्या वर्षी दिवाळीच्या महिनाभर आधी माझ्या भाच्याने मला विचारलं, "मामा, एकोणपन्नास इंची मॉनिटर हप्त्यावर घेऊ का?"

मी पुढचं काही न ऐकता "नको" म्हणून मोकळा झालो. त्या "नको"वर मी नंतर बरेच दिवस विचार केला. हा लेख त्यातूनच आला आहे. वरवर पाहता विषय मॉनिटरचा आहे, आणि मॉनिटर कसा निवडावा तेही सविस्तर सांगणार आहे, कारण आपल्या पोरांना ते मराठीत कुणी सांगत नाही. पण वाद मॉनिटरचा नव्हता.

भाचा मूळचा दौंडचा. दाजी रेल्वेत लोको पायलट होते, आता निवृत्त आहेत. भाचा आयटीआय करून रांजणगाव एमआयडीसीत लागला. गाड्यांच्या वायरिंगचे हार्नेस बांधणाऱ्या एका कारखान्यात, अर्थातच कंत्राटी. करार अकरा महिन्यांचा. आठवडाभर शिरूरला माझ्याकडे राहतो आणि सुट्टीला न्हावरे-चौफुला मार्गे दौंड गाठतो. आपल्यासाठी पुणे-नगर रस्ता म्हणजे १ जानेवारी, कोरेगाव भीमा. त्याच्यासाठी तो कंपनीच्या बसचा रस्ता आहे. याच रांजणगावात फियाट आणि टाटांच्या भागीदारीतल्या कारखान्यात गाड्या बनतात, एलजीचा टीव्हीचा कारखानाही इथेच आहे. म्हणजे गाडी आपल्या तालुक्यात बनते, स्क्रीन आपल्या तालुक्यात बनतो, आणि हात आपल्या पोरांचे असतात. पण त्याच पोराने गाडी पळवायचा नाद केला, तोही स्क्रीनवर, तर सगळ्यांच्या भुवया वर जातात.

त्याचा नाद म्हणजे सिम रेसिंग. हा मोबाईलवर अंगठा घासायचा गेम नाही. पुढे खरं स्टेअरिंग असतं आणि पायाखाली पेडल. टायर किती तापला, ब्रेक कुठे दाबला, गाडीचं वजन कुठल्या चाकावर गेलं, याचा हिशोब तो प्रोग्राम सतत करत असतो. भाच्याने जुनं स्टेअरिंग एका मित्राकडून घेतलं, शिरूरच्या भंगारवाल्याकडून व्हॅनची सीट आणली, चौकोनी पाइप वेल्ड करून सांगाडा केला. समोर होता एकच बावीस इंची मॉनिटर. तिथेच त्याचं अडायचं.

का अडायचं?

असेटो कोर्सा या गेममध्ये हौशी लोकांनी बनवलेला बुद्ध इंटरनॅशनल सर्किटचा ट्रॅक टाकता येतो. भाचा बहुतेक वेळ तिथेच गाडी चालवतो. हे नाव आपल्या वाचकांना माहीत असायला हवं. उत्तर प्रदेशातल्या गौतम बुद्ध नगर जिल्ह्यात, ग्रेटर नोएडाजवळ हा ट्रॅक आहे. लांबी ५.१२५ किलोमीटर, वळणं १६. ३० ऑक्टोबर २०११ ला भारतातली पहिली फॉर्म्युला वन शर्यत तिथे झाली. जिंकणाऱ्या सेबॅस्टियन वेटेलला करंडक दिला तो मुख्यमंत्री बहन मायावती यांनी. जमिनीच्या मोबदल्यावरून त्या पट्ट्यातल्या शेतकऱ्यांचे प्रश्न होते, ते झाकायचं कारण नाही. २०१३ नंतर तिथे फॉर्म्युला वन झालीही नाही. पण जगातल्या सर्वांत महागड्या खेळाच्या ट्रॅकला बुद्धाचं नाव आणि करंडक एका दलित स्त्रीच्या हातात, हे चित्र मी टीव्हीवर पाहिलं होतं आणि मला तेव्हा आनंद झाला होता.

या ट्रॅकवर दहाव्या-अकराव्या वळणाला गाडी उजवीकडे लांबच लांब वळत राहते. खऱ्या गाडीत ड्रायव्हर तिथे नाकासमोर बघत नाही. मान उजवीकडे वळवून वळणाच्या आतल्या कडेकडे बघतो. एका मॉनिटरवर ती कडा स्क्रीनच्या बाहेर असते. शेजारून ओव्हरटेक करणारी गाडीही दिसत नाही. थेट धडकते तेव्हाच कळतं.

याला उपाय म्हणून पोरं गेममध्ये दृष्टीचा कोन वाढवतात. मग बाजूचं दिसायला लागतं, पण समोरचं सगळं लहान आणि लांब गेल्यासारखं वाटतं. वेगाचा अंदाज चुकतो, ब्रेक कुठे दाबायचा ते कळत नाही. म्हणून नियम सोपा आहे: स्क्रीन तुमच्या डोळ्यांपुढे प्रत्यक्षात जेवढा कोन व्यापतो, तेवढाच गेममध्ये ठेवायचा. बाजूचंही बघायचं असेल तर स्क्रीनच जास्त कोन व्यापणारा हवा. एवढ्यासाठीच लोक तीन मॉनिटर लावतात.

माझं "नको" कुठून आलं?

मला वाटलं होतं की ते हप्त्याच्या काळजीपोटी आलं. खरं तर नाही. ते आलं त्या आठवड्यात ऐकलेल्या दोन वाक्यांतून.

एक वाक्य आपल्याच कार्यकर्त्याचं. विहारातल्या अभ्यासिकेत तो म्हणाला, "तुमचा भाचा एमपीएससी सोडून स्टेअरिंग फिरवतोय म्हणे." दुसरं माझ्यासोबत काम करणाऱ्या एका सवर्ण गृहस्थाचं. तो हसत म्हणाला, "तुमच्यात बरेच पैसे आले की आता." यातलं "तुमच्यात" कुठल्या अर्थाने येतं ते आपल्याला सांगायला नको.

दोघांचा हेतू वेगळा, पण निष्कर्ष एकच: तुमच्या पोराने हौस करू नये. एक म्हणतो समाजाचं देणं आहे म्हणून, दुसरा म्हणतो तुमची पायरी ती नाही म्हणून. आणि मी पोराला "नको" म्हणालो तेव्हा या दोघांच्या बाजूला जाऊन उभा राहिलो.

मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांनी काय वापरायचं याची यादी आहे: फुटकी भांडी, प्रेतावरची वस्त्रं, लोखंडाचे दागिने. वस्तू म्हणजे दर्जा, हे त्या व्यवस्थेला पक्कं ठाऊक होतं. म्हणूनच डिसेंबर १९२७ मध्ये महाडला ती जाळल्यावर बाबासाहेबांनी स्त्रियांना लुगडं नेसण्याबद्दल, अंगावरच्या खुणा टाकण्याबद्दल सांगितलं. ते बोलणं फॅशनचं नव्हतं. त्याच बाबासाहेबांनी पुस्तकांसाठी राजगृह बांधलं, चांगला सूट घातला, उतारवयात व्हायोलिन शिकायला घेतलं, चित्रं काढली. त्यांनी ते कुणाची परवानगी काढून केलं नाही. आपण भाषणात हे सगळं सांगतो आणि घरातल्या पोराने एक नाद केला की त्याला स्पर्धा परीक्षेचं पुस्तक दाखवतो. कंपनीत बारा तास हार्नेस बांधून आलेल्या पोराने उरलेला वेळही "समाजाच्या उपयोगी" घालवला पाहिजे, ही अट आपण कुणाच्या पोरांना घालतो?

आणि हा खेळ आपला नाही असं म्हणणाऱ्यांसाठी: फॉर्म्युला वनमध्ये पहिला कृष्णवर्णीय ड्रायव्हर लुईस हॅमिल्टन आला तो थेट २००७ साली. इंग्लंडमधल्या साध्या घरातलं पोर. बापाने एकावेळी अनेक कामं करून त्याला वाढवलं. तो सात वेळा जगज्जेता झाला. त्यानेच नेमलेल्या आयोगाने २०२१ मध्ये दाखवून दिलं की या क्षेत्रात काम करणाऱ्यांत कृष्णवर्णीय एक टक्कासुद्धा नाहीत. यान मार्डनबरो हा पोरगा तर २०११ मध्ये व्हिडिओ गेमवरची स्पर्धा जिंकून खऱ्या गाडीत बसला. माझा भाचा उद्या रेसर होईल असं मी म्हणत नाही. म्हणणं इतकंच की खऱ्या ट्रॅकवर जायला लाखो रुपये लागतात, पण या खेळाचं दार स्क्रीनवरून थोडं किलकिलं झालं आहे, आणि ते आपण आतून लावून घेऊ नये.

"मामा, आपण कायम जुनंच घ्यायचं का?"

मग मी "नको" मागे घेतलं आणि त्याऐवजी शहाणपणाचा सल्ला दिला. पुण्यात ऑफिसं रिकामी होतात तेव्हा वापरलेले मॉनिटर लॉटने निघतात. त्यातले एकसारखे तीन घेऊ, निम्म्या पैशात काम होईल.

भाचा गप्प बसला. मग म्हणाला, "मामा, शाळेचा गणवेश दुसऱ्याचा, पुस्तकं दुसऱ्याची, सायकल दुसऱ्याची. पहिला मोबाईलपण तुमचा जुना. आपण कायम जुनंच घ्यायचं का?"

मनुस्मृतीवर भाषण ठोकणाऱ्या मामाला यावर उत्तर सुचलं नाही.

त्या रविवारी आम्ही दोघं दौंडला गेलो. उसाचा हंगाम सुरू व्हायचा होता, रस्ता मोकळा होता. आक्काच्या घरी विषय निघाला. आक्काला फक्त आकडा ऐकायचा होता. दुकानदाराने एकोणपन्नास इंचीचे ऐंशी हजारांच्या वर सांगितले होते, अठरा महिन्यांचे हप्ते. आक्का म्हणाली, "करार अकरा महिन्यांचा आणि हप्ता अठरा महिन्यांचा. मधले सात महिने कोण भरणार, तो दुकानदार?"

मला वाटलं दाजी आता पोराला झापणार. पण ते म्हणाले, "ट्रेनिंगला आम्हाला पण सिम्युलेटरवर बसवलं होतं. हसू नका. सिग्नल किती लांबून दिसतो, कुठल्या बाजूला दिसतो, ते डोळ्यात बसावं लागतं. आधी मोजा. किती दिसतंय ते मोजल्याशिवाय कसलं घेताय?"

दाजींचे वडील रेल्वेत खलाशी होते, आयुष्यभर रुळाशेजारी चालले. दाजी इंजिनात बसले. त्यांच्या तोंडून "मोजा" हा शब्द ऐकून मला कालाम सुत्त आठवलं. बुद्धाने केसपुत्तच्या कालामांना हेच सांगितलं होतं: ऐकीव आहे म्हणून, परंपरा आहे म्हणून, सांगणारा मोठा आहे म्हणून स्वीकारू नका, स्वतः तपासा. यूट्यूबवाला दाखवतो म्हणून घेऊ नका, आणि मामा नको म्हणतो म्हणून सोडूही नका.

फरशीवरचं मोजमाप

आक्काच्या बाहेरच्या खोलीत आम्ही खडूने मोजायला बसलो. ही रीत कुणालाही जमेल. जिथे डोळे असतील तिथे फरशीवर एक ठिपका. तिथून ५५ सेंटिमीटरवर रेघ, कारण स्टेअरिंगच्या पलीकडे मॉनिटर साधारण तेवढ्यावर येतो. त्या रेघेवर मॉनिटरची रुंदी आखायची. ठिपक्यापासून दोन्ही टोकांना दोरा ताणायचा. दोन दोऱ्यांमधला कोन म्हणजे तुम्हाला खरोखर दिसणारं जग. दहावीची त्रिकोणमिती आठवत असेल तर निम्मी रुंदी भागिले अंतर, त्याचा उलटा टॅन, आणि आलेल्या कोनाची दुप्पट.

आमचे आकडे असे आले. ३२ इंची एक मॉनिटर, रुंदी सुमारे ७१ सेंटिमीटर: ६६ अंश. ३४ इंची लांबट मॉनिटर, रुंदी ८० सेंटिमीटर: ७२ अंश. भाच्याचा एकोणपन्नास इंची, रुंदी सुमारे १२० सेंटिमीटर: सपाट धरला तर ९५ अंश, वक्र असल्यामुळे किंचित जास्त. आणि २४ इंची तीन, प्रत्येकी ५१ अंश, बाजूचे दोन आपल्याकडे वळवून लावले तर मिळून १५३ अंश. माणसाला दोन्ही डोळ्यांनी आडवं १८० अंशांहून थोडं जास्त दिसतं. म्हणजे तीन छोट्या मॉनिटरमध्ये जवळपास सगळं येतं, आणि ऐंशी हजारांच्या त्या राक्षसात निम्म्याहून थोडंसं जास्त.

भाचा दोऱ्याकडे बघतच राहिला. "एवढा मोठा दिसतो पण," म्हणाला. मोठा दिसणं आणि जास्त दाखवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

दुसरा हिशोब ग्राफिक्स कार्डाचा. स्क्रीनवर जितके ठिपके तितकं कार्डाला काम. १९२० गुणिले १०८० चे तीन मॉनिटर म्हणजे सुमारे ६२ लाख ठिपके. एकोणपन्नास इंचीचे ५१२० गुणिले १४४०, म्हणजे जवळपास ७४ लाख. २७ इंचीतले भारी, २५६० गुणिले १४४० चे तीन घेतले तर १ कोटी १० लाख. प्रत्येक ठिपका सेकंदाला साठ किंवा जास्त वेळा रंगवायचा असतो. मॉनिटर महाग घेतला की पाठोपाठ कार्ड महाग घ्यावं लागतं, हे दुकानात कुणी सांगत नाही.

तीन स्क्रीनचे तोटेही आहेत, ते लपवत नाही. मधल्या कडा दिसतात, सवय व्हायला आठवडा जातो. टेबल चार फुटांचं लागतं. वायरींचं जंजाळ होतं. तिन्ही मॉनिटर एकाच मॉडेलचे हवेत, नाहीतर उंची जुळत नाही, एक पिवळा दिसतो आणि एक निळा. कार्डाला तीन स्क्रीनची आउटपुट हवीत. जुन्या मॉनिटरला फक्त व्हीजीए असेल तर साध्या वायरीने भागत नाही. आणि गेममध्ये तीन स्क्रीनची वेगळी सोय असावी लागते. असेटो कोर्सा, आयरेसिंगमध्ये ती आहे. तिथे मॉनिटरची रुंदी, डोळ्यांपासूनचं अंतर, बाजूच्या स्क्रीनचा कोन हे आकडे भरायचे. ते न भरता चित्र नुसतं तिन्हींवर पसरवलं तर बाजूची झाडं रबरासारखी ताणली जातात. असं चित्र बघून "तीन स्क्रीन बेकार" म्हणणारे बरेच भेटतील.

व्हीआर हेडसेटचाही विचार झाला. मान वळवाल तिथे दिसतं, जागा लागत नाही. पण भाच्याला चष्मा आहे, पत्र्याच्या खोलीत उन्हाळ्यात ते तोंडावर बांधून बसवत नाही. शिवाय ज्याच्या डोळ्यावर आहे त्यालाच दिसतं. आमच्या घरी एक जण चालवतो तेव्हा पाच जण मागे उभे राहून बघतात, त्यांनी काय भिंत बघायची?

निर्णय

२४ इंची साधे, एकाच मॉडेलचे तीन. पण जुने नाही, नवे. हा मुद्दा भाच्याने जिंकला आणि मी तो आनंदाने हरलो. दिवाळीचा ८.३३ टक्के बोनस आणि साठवलेले पैसे मिळून रोख घेतले, हप्ता नाही. ग्राफिक्स कार्ड मात्र वापरलेलं, तपासून घेतलं. ते भाच्याने स्वतःच ठरवलं. म्हणाला, "डोळ्यासमोर आहे ते नवं, डब्यात आहे ते जुनं चालेल." जुनी वस्तू घेण्यात कमीपणा नाही. दुसऱ्याने तुमच्या वाट्याला म्हणून टाकलेली घेणं वेगळं, आणि सगळे पर्याय समोर ठेवून स्वतः निवडलेली घेणं वेगळं. हा फरक मला पोराने शिकवला.

पहिल्या रविवारी दाजी मुद्दाम दौंडहून शिरूरला आले. व्हॅनच्या सीटवर बसून त्यांनी बुद्ध सर्किटचा एक फेरा अगदी पॅसेंजर गाडीच्या वेगाने पूर्ण केला. लांब उजव्या वळणावर त्यांनी मान उजवीकडे वळवली. कुणी सांगितलं नव्हतं.

मार्चमध्ये भाच्याचा करार संपला आणि कंत्राटदाराने तो पुढे वाढवला नाही. कारण दिलं नाही, ते कधीच देत नाहीत. अडीच महिने पोरगं घरी होतं. त्या काळात वसुलीचा एकही फोन आला नाही, कारण हप्ताच नव्हता. त्याच तीन स्क्रीनवर तो वायरिंगचं ड्रॉइंग शिकला. एकावर व्हिडिओ, मधल्यावर काम, तिसऱ्यावर नोंदी. जूनमध्ये दुसरीकडे लागला, पुन्हा कंत्राटीच. ड्रॉइंगच्या खुर्चीपर्यंत अजून पोचलेला नाही. पण हे मी मॉनिटरचं समर्थन म्हणून सांगत नाही. तो काही शिकला नसता, नुसत्या गाड्या पळवल्या असत्या, तरी ते तीन मॉनिटर त्याच्या घामाचेच होते.

आपल्या मित्रांना एवढंच सांगणं आहे. कंत्राटी पगारावर अठरा महिन्यांचा हप्ता ही हौस नाही. आज सावकार दुकानात बसतो, एवढाच फरक. तिथे पोराला अडवा, जरूर अडवा. पण अडवताना हातात खडू आणि दोरा घ्या, "आपल्याला कशाला हवं" हे वाक्य नको. ते वाक्य आपलं नाही. ते आपल्याला दिलेलं आहे, आणि ते मात्र जुनंच आहे.

अभ्यासिकेतला तो कार्यकर्ता परवा घरी आला होता. अर्धा तास सीटवरून उठला नाही.

जय भीम!